इंदूरच्या पाण्यात मलावी सिक्लिड : टँक लावण्यापासून शेवाळ ताब्यात ठेवण्यापर्यंत

सिक्लिड पाळायचे म्हणून लोक आधी दुकानात जातात, निळे-पिवळे मासे बघतात, घेऊन येतात आणि मग घरच्या पाण्याचा विचार करतात. माझं म्हणणं की उलटं करा. आधी आपल्या नळाला कुठलं पाणी येतं ते बघा आणि त्या पाण्याला मानवणारा मासा निवडा, अर्धी कटकट तिथेच संपते. आणि इंदूरवाल्यांसाठी ही चांगली बातमी आहे, कारण आपलं बोअरिंगचं पाणी, ज्याने बादल्यांवर आणि गीझरमध्ये पांढरा थर बसतो आणि ज्याला घरातले सगळे वैतागलेले असतात, ते आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना मस्त चालतं. मऊ पाणी लागणारा डिस्कस मासा पाळायचा असेल तर याच पाण्याशी रोज भांडावं लागेल.

सिक्लिड हे माशांचं फार मोठं कुटुंब आहे. ऑस्कर, एंजल, डिस्कस हे दक्षिण अमेरिकेतले. फ्लॉवरहॉर्न निसर्गात नाहीच, तो माणसाने संकर करून तयार केला. आपल्या केरळातला करीमीन पण सिक्लिडच, आणि तिलापियाही (तो १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणला). इथे मी फक्त मलावीच्या म्बुना मासळीबद्दल लिहितोय, म्हणजे खडकांत राहणारे आणि खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. एकदा हे लक्षात घेतलं की शेवाळाकडे बघायची नजरच बदलते, त्यावर पुढे सविस्तर येतोच.

पाणी तपासा, अंदाज लावू नका

इंदूरात बहुतेक घरांत दोन प्रकारचं पाणी असतं. एक नर्मदेचं, जलूदहून पंपाने घाट चढवून आणलेलं, १९७८ पासून शहर त्याच्यावर आहे. ते बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं आणि त्यात क्लोरीन असतं. दुसरं बोअरिंगचं, काळ्या बेसाल्टच्या फटींतून वर येणारं, त्यात क्लोरीन नसतं पण क्षार भरपूर. सुदामा नगरच्या बोअरिंगचं पाणी आणि पलासियाच्या बिल्डिंगच्या बोअरिंगचं पाणी सारखं असेलच असं नाही, त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर टँक लावू नका. एक लिक्विड टेस्ट किट घ्या ज्यात पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि जमलं तर केएच (पीएच स्थिर ठेवणारी कार्बोनेटची जडता) पण असेल. कागदी पट्ट्या स्वस्त पडतात पण त्यांचा रंग धड वाचता येत नाही. टीडीएस मीटर घरात असेल तर ठीक, पण नुसत्या टीडीएसवरून पाणी या माशांना चालेल की नाही ते कळत नाही.

पीएच ७.८ ते ८.६ च्या मध्ये हवा आणि, त्याहून महत्त्वाचं, तो स्थिर हवा. मलावीचं पाणी आपल्या बोअरिंगइतकं जड नाही खरं म्हणजे, पण अल्कलाइन आहे. म्हणून मी सांगेन की नर्मदेचं आणि बोअरिंगचं अर्धं-अर्धं मिसळून बघा आणि मग मोजा. मोजायच्या आधी पाणी बादलीत रात्रभर एअर स्टोन (एअर पंपाला जोडायचा बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा, कारण ताज्या बोअरिंगच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि पीएच खोटा कमी दिसतो. फक्त नर्मदेचं पाणी वापरणार असाल आणि केएच कमी निघाला तर स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा कामी येतो, १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच साधारण १ डिग्रीने वाढतो. एकदम ओतायचा नाही, बादलीत विरघळवून दोन-तीन दिवसांत हळूहळू.

अजून एक गोष्ट, जी जवळजवळ कुणीच करत नाही. बोअरिंगच्या पाण्यातलं नायट्रेट टँकमध्ये जायच्या आधीच तपासा. वस्तीतल्या बोअरिंगमध्ये ते मुळातच जास्त असू शकतं आणि मग तुम्ही दर आठवड्याला इमानेइतबारे पाणी बदलत राहता, शेवाळ काही हटत नाही आणि कारण समजत नाही, कारण शेवाळाचं हे खत तुम्ही स्वतःच बादलीने ओतत असता.

टँक आणि स्टँड

चार फुटांपेक्षा लहान टँकमध्ये म्बुना पाळू नका. दोन फुटांच्या टँकमध्ये एक दादा नर बाकी सगळ्यांना कोपऱ्यात दाबून ठेवतो आणि महिन्याभरात दोनच मासे उरतात. ४ × १.५ × १.५ फुटांचा टँक म्हणजे काठोकाठ २५५ लिटर. उंचीपेक्षा लांबी-रुंदी जास्त महत्त्वाची. काच १० मिमी घ्या आणि वरून काचेची पट्टी लावून घ्या. बनवणाऱ्याला सांगा की भरून दोन दिवस ठेवून मगच द्यायचा, आणि घरी आणल्यावर गॅलरीत परत एकदा भरून बघा.

भरलेल्या टँकचं वजन पाणी, काच, दगड, वाळू धरून साडेतीनशे किलोच्या वर जातं. टीव्हीच्या टेबलावर ठेवायची ही वस्तू नाही. लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डरकडून बनवून घ्या, त्यावर १८ मिमी प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टँक. चारी बाजूंनी लेव्हल बघा, कारण एक कोपरा जरी खाली असला तरी सांध्यावर ताण येतो. आणि जागा निवडताना पश्चिमेची खिडकी टाळा! उन्हाळ्यात तिथून दुपारचं ऊन थेट काचेवर पडतं, पाणी तापतं आणि काच हिरवी होते ते वेगळंच.

वायरींना प्लगच्या खाली झोल द्या म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटात जाणार नाही. आणि पाण्यात हात घालायच्या आधी हीटर-फिल्टर बंद, दर वेळी.

दगड आधी, वाळू नंतर

म्बुना उकरतात. तोंडात वाळू भरून दुसरीकडे नेऊन थुंकतात, दिवसभर. त्यामुळे वाळू आधी टाकून तिच्यावर दगड रचले तर चार दिवसांत खालची वाळू निघून जाते आणि दगड काचेवर कोसळतो. म्हणून तळाला प्लास्टिकची जाळी किंवा पातळ थर्माकोल, त्यावर दगड घट्ट बसवायचे, हाताने हलवून बघायचे, आणि मग भोवती दोन इंच वाळू.

दगडाची आपल्याकडे काय कमी, सगळा माळवाच बेसाल्टवर बसलाय. काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, दिसतो पण छान, निळा मासा त्याच्यापुढे उठून दिसतो. फरशीवाल्याकडे कोटा स्टोनचे तुटके तुकडे मिळतात, ते चुनखडीचे असतात त्यामुळे केएच टिकवायला मदत करतात. एखादा दगड कसला आहे कळत नसेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून कान जवळ न्या, चुना असेल तर बारीक फेस येतो आणि सूं असा आवाज ऐकू येतो. हाच दगड डिस्कसच्या टँकमध्ये नको, पण मलावीला हवाच. गंजासारखे लाल डाग किंवा धातूची चमक असलेले दगड सोडून द्या. आणि दगड उकळू नका, आत पाणी अडकलेलं असेल तर तडकतात. ब्रशने घासा आणि उन्हात वाळवा, पुरे.

वाळूसाठी बांधकामाची नर्मदेची वाळू चाळून घेतली तरी चालते, फक्त धुवायची म्हणजे खरंच धुवायची, बादलीतलं पाणी नितळ येईपर्यंत. थोडी कोरल सँड मिसळली तर उत्तम. दगड रचताना भरपूर फटी ठेवा, मागच्या बाजूने पण निघता येईल अशा, कारण पाठलाग झाल्यावर लपायला एकच तोंड असलेली गुहा म्हणजे सापळाच.

फिल्टर, हीटर, उन्हाळा

तासाला टँकच्या सहा ते आठ पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे इथे १५०० ते २००० लिटर. डब्यावर लिहिलेला आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत मीडिया (स्पंज, रिंग वगैरे गाळणसामान) भरला की कमी होतो, त्यामुळे थोडा मोठाच घ्या. कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) परवडला तर छान, नाहीतर वरचा बॉक्स फिल्टर आणि सोबत दोन स्पंज फिल्टर एअर पंपावर, हे पण उत्तम चालतं. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप एक घरात असू द्या.

थंडीत माळव्यात रात्र चांगलीच गारठते, हीटर लागतोच. ३०० वॅटचा एक घेण्याऐवजी १५० चे दोन लावा, एखादा चालूच अडकला तरी मासे शिजत नाहीत आणि एखादा बंद पडला तरी दुसरा सांभाळतो. तापमान २४ ते २७ डिग्री.

मे महिन्यात प्रश्न उलटा. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे वर येऊन धापा टाकतात. इथली हवा कोरडी असते ते कामी येतं, झाकण काढून जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन-तीन डिग्री सहज उतरतं, कूलरचंच तत्त्व आहे ते. फक्त पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर बोअरिंगच्या पाण्याने घालू नका, नर्मदेचं क्लोरीन काढलेलं किंवा आरओचं घाला.

मासे आणायच्या आधीचा महिना

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात गरजेचा आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. मलावीच्या टँकमध्ये घाई जास्त महागात पडते, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर शेकडा जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो, ८.२ ला तोच आठच्या आसपास. तेवढाच अमोनिया, पण माशाला कितीतरी पट घातक.

माशांशिवाय सायकल करा, म्हणजे हे जिवाणू आधीच वाढवून घ्या. लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा, कल्हईवाल्यांकडचा नवसागर नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. २५५ लिटरला साधारण दीड ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमजवळ (लिटरला २ मिलिग्रॅम) येतो. रोज मोजा, उतरला की परत टाका. कुणाचा जुना चालू टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा काळा पडलेला स्पंज मागून आणा आणि आपल्या टँकमध्ये पिळा, काम बरंच लवकर होतं. टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आणि नायट्राइट पण शून्यावर यायला लागला की मोठं वॉटर चेंज करा, आणि मगच मासे.

नर्मदेच्या पाण्याचं क्लोरीन अँटी-क्लोरीनने काढा, दुकानात क्रिस्टल किंवा थेंबांमध्ये मिळतं, ते सोडियम थायोसल्फेटच असतं. फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायचा.

कोण कोणाबरोबर

चार फुटांत तीन जाती, मिळून १८-२० मासे, आणि एका नराला तीन-चार माद्या. मासे थोडे जास्त ठेवायचे म्हणजे दादागिरी एकाच बिचाऱ्यावर न जाता वाटली जाते, पण मग फिल्टर आणि वॉटर चेंजमध्ये सूट नाही. सुरुवातीला यलो लॅब घ्याच, सगळ्यांत शांत. त्याच्या जोडीला रस्टी आणि एसेई. ऑरेटस दिसायला देखणा पण फार आक्रमक, नवख्याने घेऊ नये. डेमासोनी घ्यायचे तर डझनभर एकत्र, चार-पाच घेतले तर आपापसात मारामारी करून एकच उरतो. एकसारख्या रंगाच्या, पट्ट्यांच्या दोन जाती एकत्र नकोत. दुकानात 'आफ्रिकन मिक्स' म्हणून एकाच टाकीतून जे काढून देतात त्यात संकर झालेले असतात, मोठे झाल्यावर काय निघतील सांगता येत नाही. जातीचं नाव विचारूनच घ्या.

सगळे मासे एकदम किंवा दोन मोठ्या खेपांत सोडा. नंतर एखादा नवीन आणलाच तर सोडायच्या आधी दगडांची रचना बदला, जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळे नव्याने जागा शोधतात.

खाणं शाकाहारी, स्पिरुलिनाचे दाणे, कधी उकडलेला पालक किंवा सोललेला मटार. ब्लडवर्म आणि मांस नको, यांचं आतडं लांब असतं, जड प्रथिनांनी पोट फुगतं आणि मासा जातो. दिवसातून दोनदा, अर्ध्या-एक मिनिटात संपेल एवढंच, आणि आठवड्यात एक दिवस उपास. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आणि खाणं सोडणं ही सुरुवातीची खूण, त्याच दिवशी खाणं बंद करून पाणी बदला.

शेवाळ

आता मुख्य विषय. म्बुनाच्या टँकमध्ये दगडावर हिरवी मखमल असलीच पाहिजे. तलावात तेच त्यांचं जेवण असतं. संध्याकाळी टँकसमोर बसून बघा, यलो लॅब दगडावर तिरका होतो, तोंड टेकवतो, अंगाला एक झटका देतो आणि पुढे सरकतो, दगडावर छोटासा फिकट ठिपका उरतो, की लगेच दुसरा येऊन तिथेच झटका देतो. हे तासन्तास चालतं आणि त्यात गुंतलेला मासा भांडत कमी. दगड घासून चकाचक करणारे लोक माशांचं काम काढून घेतात. समोरची काच स्वच्छ ठेवा, मागची आणि दगड त्यांच्यावर सोडा.

पण शेवाळाचे प्रकार ओळखता आले पाहिजेत, सगळ्यांना एकच औषध नसतं.

नवीन टँकमध्ये पहिल्या दोन महिन्यांत तपकिरी धुळीसारखा थर येतो, बोटाने पुसला की निघतो. हे डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, त्यांना सिलिका लागते आणि बेसाल्टमधून आलेल्या पाण्यात ती असतेच. काही करू नका, पुसत राहा, टँक मुरला की आपोआप कमी होतात.

काचेवर कडक हिरवे ठिपके, स्पंजने निघत नाहीत, तर जुनं एटीएम कार्ड किंवा ब्लेड वापरा, आणि प्रकाश कमी करा. ब्लेड कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लागू देऊ नका.

पाणीच हिरवं झालं, मासे दिसेनासे झाले, तर ते पाण्यात तरंगणारं शेवाळ. वॉटर चेंजने फार फरक पडत नाही, परत हिरवं होतं. तीन-चार दिवस टँक चादरीने पूर्ण झाका, एअर पंप चालू ठेवा, किंवा ९-११ वॅटचा यूव्ही दिव्याचा फिल्टर लावा, तो हमखास काम करतो. झाकलेल्या दिवसांनंतर मोठं पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ सडून ऑक्सिजन खातं.

काळी दाढी, म्हणजे दगडाच्या कडेला आणि फिल्टरच्या पाइपवर काळे-करडे आखूड झुपके, हे सगळ्यांत चिवट. हे खरं म्हणजे लाल शेवाळाच्या गटातलं. म्बुना पण याला फारसं तोंड लावत नाहीत. दगड बाहेर काढा, मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड शिंपडा, पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवा. काही दिवसांत झुपके गुलाबी-पांढरे पडतात आणि मग मासे ते उपटून खातात. सोबत तळातली घाण नीट सायफन करा, म्हणजे नळीने ओढून काढा, नाहीतर परत येईल.

आणि निळसर-हिरवी बुळबुळीत साय, चादरीसारखी निघणारी, घाणेरड्या वासाची, हे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहेत. जिथे पाणी फिरत नाही तिथे वाळूवर पसरतात. सायफनने ओढून काढा, तीन दिवस अंधार, आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. काही लोक एरिथ्रोमायसिन टाकतात, मी याच्या विरोधात आहे. घरच्या टँकमध्ये अँटिबायोटिक ओतून ते पाणी गटारात सोडणं बरोबर नाही, आणि फिल्टरच्या जिवाणूंना पण धोका.

बाटलीतलं शेवाळनाशक पण नको, त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि मूळ कारण तसंच राहतं. कारणं दोनच, प्रकाश आणि खत. लाइटला टायमर लावा आणि सहा ते आठ तासच ठेवा, आपल्याला दिवसभर बघायला आवडतं म्हणून चौदा तास नको. माझ्या मते संध्याकाळी चार ते रात्री अकरा ही वेळ उत्तम, घरातले सगळे तेव्हाच बघतात. खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही मुख्यतः खाण्यातून येतात. दर आठवड्याला ३०-४० टक्के पाणी बदला, नायट्रेट २०-३० पीपीएमच्या आत राहू द्या.

नळाच्याच पाण्यात नायट्रेट असेल तर मनीप्लांट वापरा. वेलाचे तुकडे वरच्या फिल्टर बॉक्समध्ये असे खोचा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. मासे मुळं कुरतडू शकत नाहीत आणि वेल नायट्रेट ओढून घेत वाढत जातो. टँकच्या आत अनुबियास ही पाणवनस्पती दगडाला दोऱ्याने बांधून चालते, तिची पानं जाड असतात.

शेवाळ खाणारा म्हणून दुकानदार सकर फिश हातात देईल. तो फुटभरापेक्षा मोठा होतो, मोठा झाला की शेवाळ खाणं कमी आणि घाण जास्त. त्याऐवजी ब्रिसलनोज घ्या, चार-पाच इंचांवर थांबतो. आणि नको झालेला सकर किंवा कुठलाही मासा बिलावली, सिरपूर नाहीतर यशवंत सागर या तलावांत सोडू नका, कृपा करून. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहेत, सकर तिथे टिकला तर देशी माशांची अंडी आणि किनारे दोन्ही जातील. दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो.

पिल्लं आणि सुट्ट्या

टँक जमला की एक दिवस मादीचा गळा फुगलेला दिसेल, ती खात नाही, जबडा हळूहळू हलवत राहते. तोंडात अंडी आहेत. साधारण तीन आठवडे ती तशीच राहते, उपाशी. पिल्लं वाचवायची असतील तर अठराव्या दिवसाच्या आसपास पहाटे लाइट लावायच्या आधी अंधारात जाळीने तिला वेगळ्या टाकीत न्या, त्या टाकीत चालू टँकचाच स्पंज फिल्टर हवा. पिल्लं सुटल्यावर तिला दोन-तीन दिवस एकटीला खाऊ घाला, मगच मोठ्या टँकमध्ये परत सोडा. पिल्लांना दाण्यांची पूड चालते, दिवसातून तीन-चारदा चिमूटभर.

दिवाळीत किंवा उन्हाळ्यात गावी जाणार असाल तर मोठे मासे आठवडाभर खाण्याशिवाय आरामात राहतात. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नाही, म्हणजे काही बिघडलं तर तुम्ही घरी असता. टायमर सहा तासांवर आणा. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर एकेका वेळच्या खाण्याच्या कागदाच्या पुड्या करून शेजारच्या काकूंकडे द्या, एक दिवसाआड एक पुडी, आणि मोठा डबा कपाटात कुलूप लावून ठेवा, कारण प्रेमाने जास्त टाकलेलं खाणं चार दिवसांत पाणी दुधासारखं करून टाकतं.